पाटांची मांडणी

१९६१ सालच्या उन्हाळ्यात तुळजापुरातील आमच्या घरी, माजघरातल्या लाकडी मांडणीवरून एक पाट तीनदा खाली पडला. तिन्ही वेळा तो एकच पाट होता. दोन वेळा शुक्रवार होता, एक वेळ मंगळवार; तिन्ही वेळा पहाट होती. त्या पाटावर माझे आजोबा वारल्यापासून कोणीही बसलेले नव्हते.

मांडणी मी स्वतः केली होती, त्यामुळे तिच्याविषयी मला नेमके सांगता येईल.

आमचे घर उपाध्यायांचे. वडिलांचे, म्हणजे विष्णुपंतांचे, यजमान लांबलांबून देवीच्या दर्शनाला येत आणि जेवायला आमच्याकडे थांबत. दोन पंगती बसतील इतके पाट घरात होते. वर्षानुवर्षे ते माजघराच्या भिंतीला एकावर एक कलते टेकवून ठेवलेले असत. त्या वर्षी संक्रांतीनंतर केव्हातरी अगदी मागचे काही पाट उचलले, तेव्हा त्यांच्या खालच्या पट्ट्यांचा हातात भुगा झाला. जमिनीतून वाळवी चढली होती. मी हैदराबादहून बी. एस्सी. होऊन गावातल्या हायस्कुलात शास्त्र शिकवीत होतो, आणि अशा कामी सुतार बोलावणे मला कमीपणाचे वाटत असे. पाट जमिनीला लागता कामा नयेत, प्रत्येकाभोवती हवा खेळली पाहिजे आणि एक काढताना दुसरा हलू नये, एवढ्या अटी मी घातल्या आणि कामाला लागलो.

हत्यारे धोंडीबा सुताराकडून आणली. करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या माझ्या हातात देताना तो म्हणाला, “न्या खुशाल, मास्तर. फकस्त परत देताना बोटं मोजून घ्या. आमच्या हत्यारात एखादं राहून जाईल.”

लाकूड घरचेच होते. पडवीचे जुने सागवानी दार पडून होते, त्याच्या पट्ट्या काढल्या. माजघर आणि सोवळ्याची खोली यांच्यामध्ये आमच्याकडे भिंत नव्हती, फळ्यांचा आडोसा होता: दोन खांब आणि त्यांच्यामध्ये उभ्या ठोकलेल्या फळ्या. मांडणीची चौकट मी माजघराच्या बाजूने याच दोन खांबांना स्क्रूने घट्ट आवळली. चौकटीत खण केले. प्रत्येक खणात पुढून मागे बसवलेल्या दोन पट्ट्या, आणि त्या दोन पट्ट्यांवर एक पाट लांबीने आत सरकवायचा. लाकूड कमी पडल्याने पट्ट्या पाटाच्या लांबीपेक्षा आखूड ठेवाव्या लागल्या. त्यामुळे पाटाचे टोक थोडे बाहेर राही. ओढून काढायला ते सोयीचेच होते.

आणखी एक गोष्ट मी विचारपूर्वक केली. जेवणे झाली की पाट ओल्या फडक्याने पुसून ठेवण्याची आमच्याकडे रीत आहे. माझी धाकटी बहीण शामला तर तांब्याभर पाणी ओतूनच मोकळी होई. ते पाणी मागच्या बाजूला निथळून फळ्यांत मुरले असते तर वाळवीची पुन्हा सोय झाली असती. म्हणून प्रत्येक पट्टी मी पुढे किंचित उतरती बसवली. उतार अंदाजाने दिला नाही. एक पट्टी एका टोकाने हळूहळू उचलत नेली, तिच्यावरचा पाट कधी घसरू लागतो ते पाहिले आणि त्याच्या निम्म्याहून बराच कमी उतार ठेवला. या हिशेबाने पाट आपण होऊन घसरणे शक्य नव्हते. हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात अनेकदा उच्चारले.

सर्वांत वरच्या ओळीत दोन खण होते. त्यांतला एक आजोबांच्या पाटासाठी होता. शिसवी पाट, चार कोपऱ्यांना पितळी फुले. आजोबांना घरात सगळे अण्णा म्हणत. श्राद्धाच्या दिवशी तो पाट मांडून त्याच्यापुढे पान वाढले जाई. एरवी त्याला हात लावण्याचा अधिकार घरात एकट्या आत्यांचा होता.

चंद्रप्रभाआत्या वडिलांची थोरली बहीण; ते त्यांना अक्का म्हणत. लहान वयात विधवा होऊन माहेरी परतल्या आणि माझी आई गेल्यापासून आमचे स्वयंपाकघर त्याच चालवीत. त्यांचे सोवळे कडक होते आणि स्मरणशक्ती त्याहून कडक. मदतीला शामला होती. ती मॅट्रिक झाली होती आणि सोलापूरला अध्यापिकांच्या प्रशिक्षणाला जावे, दोन वर्षे वसतिगृहात राहावे आणि नोकरी धरावी, असे तिने ठरवले होते. वडिलांची ना नव्हती. अर्ज गेला तो चैत्रात.

त्याच चैत्रात एका शुक्रवारी पाट पहिल्यांदा पडला. आत्यांनी तो धुऊन परत ठेवला आणि कोणी त्याचा विचार केला नाही. वैशाखात एका सोमवारी शामलाला जागा मिळाल्याचे कार्ड आले. दुसऱ्या दिवशी मंगळवारी पाट पुन्हा पडला. तेव्हा आत्यांना आठवले की अर्ज पोस्टात टाकला त्याच हप्त्यात तो पहिल्यांदा पडला होता. पुढे ज्येष्ठात वडील जेवताना सहज म्हणाले की शामलासाठी एक पत्र्याची ट्रंक बघितली पाहिजे. तीन दिवसांनी, शुक्रवारी, पाट तिसऱ्यांदा खाली आला.

त्या सकाळी मी माळवदावरून अंथरूण घेऊन खाली उतरलो तेव्हा वडील माजघरात उभे होते, आत्या सोवळ्याच्या खोलीच्या उंबऱ्याआड उभ्या होत्या आणि पाट दोघांच्या मध्ये जमिनीवर पालथा पडला होता.

“आता तरी दिसलं ना, विष्णू?” आत्या म्हणाल्या. “अण्णांच्या मनात न्हाई. पोरीनं परगावी जाऊन राहावं हे त्यांच्या मनात न्हाई.”

“मांजर असेल, आत्या,” मी म्हणालो.

“मांजराला एवढे पाट सोडून अण्णांचाच पाट बरा सापडतो.”

“मग उंदीर.”

“तुझ्या कॉलेजात हेच शिकवलं का रे? मांजर न्हाई तर उंदीर?”

“तुम्ही कुठं होतात तेव्हा?”

“कुठं असणार? आंघोळ करून आत होते. नाम चाललं होतं. एकदम धाडकन आवाज आला. काळजाचं पाणी झालं.”

वडिलांनी पाटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. ते भोळे नव्हते. यजमानांना ते मुहूर्त काढून देत, पण स्वतःच्या प्रवासाला एसटीचे वेळापत्रक पाहत. मात्र आत्यांनी त्यांना लहानाचे मोठे केले होते.

“बाबू,” ते म्हणाले, “तू म्हणतोस पाट आपण होऊन घसरणार न्हाई.”

“शक्यच नाही. मी उतार मोजून दिलाय.”

“मग कुणीतरी पाडतं, हे तूच म्हणतोस.”

मी पाट सरळ करायला वाकलो आणि हात मागे घेतला. आत्यांच्या चेहऱ्यावर मात्र, पंगत जेवून उठल्यावर दिसते तसे समाधान दिसले.

वडिलांनी त्याच दिवशी निर्णय सांगितला. शामलाला जुलैच्या पहिल्या सोमवारी सोलापूरला हजर व्हायचे होते. “अक्कांचं मन मोडून मी तिला पाठवणार न्हाई,” ते म्हणाले. “ती तिकडं दोन वर्षं राहायची, ह्या इकडं रोज घोर करायच्या. तिला साधी सर्दी झाली तरी ती त्या पाटाची होईल. तू कारण दाखव. अक्कांना दिसेल असं दाखव. मी ट्रंक आणतो.”

“आणि नाही सापडलं तर?”

“तर कार्ड परत पाठवू.”

शामला हे सारे चुलीपाशी बसून ऐकत होती. तिने भाकरी उलटली, आणि ती करपलेली निघाली.

सर्वांत सोपा उपाय मला तिथल्या तिथे दिसला होता. पट्टीच्या पुढच्या टोकाला एक खिळा मारला की पाट अडला असता. मी तो दुपारी आत्यांना सुचवला.

“अण्णांना खिळ्यानं अडवतोस?” त्या म्हणाल्या. “त्यांना सांगायचं असेल ते सांगू द्यायचं न्हाई, होय ना?”

मग तो मी शामलाला सुचवला. आत्यांच्या नकळत, मागच्या बाजूने, दिसणार नाही असा.

“नको, दादा,” ती म्हणाली. “खिळा कधीतरी कुणाला दिसणारच. मग आत्या म्हणतील, पोरगी अण्णांच्या तोंडाला कुलूप लावून गेली. मला तसं जायचं न्हाई.”

“मग कसं जायचंय?”

“सरळ.”

तेव्हा कारण शोधणे भाग होते.

प्रथम मांजर आणि उंदीर. पाटाभोवती पट्ट्यांवर ज्वारीचे पीठ भुरभुरले आणि चार दिवस पाहिले. एकही पाऊल उमटले नाही. मुंग्या मात्र आल्या, आणि आत्यांनी त्याबद्दल मला दोन दिवस ऐकवले. मग मला एसटीची शंका आली. पहाटेची पहिली गाडी आमच्या बोळाच्या तोंडावरून जाते तेव्हा खिडकीची तावदाने वाजतात. पण गाडी रोज जाते, आणि पाट मंगळवार-शुक्रवारखेरीज कधी पडला नव्हता. लाकूड ओले होऊन फुगते, वाळून आकसते, हेही पाहिले. परंतु हा पाट तर धुवून ठेवल्यावर महिनाभर कोरडाच असे. रोज ओले होणारे पाट आपापल्या खणांत शहाण्यासारखे बसून होते.

जाते मी विचारात घेतलेच नाही. ज्वारीचे दळण गिरणीत जाऊ लागल्यापासून घरचे मोठे जाते निकामी झाले होते आणि आदल्या वर्षी मीच ते उचलून परसात नेऊन ठेवले होते. त्याच्यावर आता तुळशीची कुंडी होती.

मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार. आत्यांच्या दृष्टीने यातच सर्व आले. माझ्या दृष्टीने यात काहीच येत नव्हते, आणि ही परिस्थिती माझ्यासारख्या माणसाला फार त्रासदायक असते. मी शाळेत मुलांना सांगत असे की दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. शामलाच्या बाबतीत तर हे उघड होते. त्या तीन महिन्यांत तिच्या शिक्षणाविषयी काहीतरी दर आठवड्याला होतच होते: अर्ज, दाखला, कार्ड, ट्रंक. पाट कोणत्याही दिवशी पडला असता तरी आसपास काहीतरी सापडले असते. हे मी आत्यांना समजावले.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग पडतो कशानं, ते सांग.”

जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. रविवारी दुपारी मी मांडणीपुढे स्टूल घेऊन बसलो होतो. शामला धुतलेले पाट घेऊन आली आणि एकेक खणात सारू लागली. प्रत्येक पाट ती तळहाताने शेवटपर्यंत, मागे फळीला टेकेपर्यंत ढकलत होती.

“दादा,” ती मधेच थांबून म्हणाली, “अण्णांचा पाट अण्णांचा आहे म्हणून पडतो, की वरच्या खणात आहे म्हणून पडतो?”

“खणात काही दोष नाही. तो मी बारकाईनं पाहिलाय.”

“पण पाट बदलून न्हाई पाहिला.”

“अण्णांच्या पाटाला मला हात लावू देतात का?”

“त्याला कुणी लावायला सांगितलंय? त्याच्या शेजारचा खण आहे ना. त्यात माझा पाट ठेव. आणि अण्णांच्या पाटाला जसा कुणी हात लावत न्हाई, तसा माझ्याही लावू नका. मी चटईवर बसून जेवते.” तिने पदराला हात पुसले. “माझ्यावर तर कुणी देवाघरून रुसलेलं न्हाई.”

शास्त्राचा पदवीधर मी होतो, पण तुलनेसाठी दुसरी वस्तू बाजूला ठेवावी हे प्रथम तिला सुचले, याची नोंद इथे करतो. मी तिचा आंब्याच्या लाकडाचा पाट शेजारच्या खणात मागे टेकेपर्यंत सारला. मग शिसपेन्सिलीने दोन्ही पाटांच्या कडेला, पट्टीवर एकेक बारीक रेघ ओढली. अण्णांच्या पाटाची रेघ आत्यांच्या समक्ष, पाटाला न शिवता ओढली. सोमवारी सकाळी दोन्ही पाट रेघांना धरून होते. सोमवारी रात्रीही होते.

मंगळवारी सकाळी दोन्ही पाट रेघेच्या पुढे आले होते. अर्ध्या बोटाच्या रुंदीइतके. शिसवी पाट आणि आंब्याचा पाट जवळजवळ सारखेच सरकले होते.

मी शामलाला बोलावून दाखवले.

“म्हणजे माझाही पडणार,” ती म्हणाली.

“कोणी मागे ढकलला नाही तर, काही दिवसांनी पडेल.”

“बाकीचे न्हाई सरकले?”

“सरकले असतील. पण ते तू दिवसातून दोनदा काढतेस आणि पुन्हा मागे टेकवून ठेवतेस. त्यांचं सरकणं साचतच नाही.”

याप्रमाणे अर्धे कोडे सुटले होते. हाच पाट का, हे कळले. याच वारी का, हे उरले. मी म्हणालो, “मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे या घरात काहीतरी हलतं, जे इतर दिवशी हलत नाही. तू खाली पडवीत निजतेस. काय होतं सांग.”

“काय होणार? आत्या उठतात, आंघोळ करतात, देवापाशी बसतात.”

“ते रोजचंच.”

“मंगळवार-शुक्रवार उपास असतो त्यांचा.”

“उपासानं पाट हलत नाही.”

“भगर दळतात.”

“भगरीचं पीठ गिरणीतून येत नाही?”

शामला माझ्याकडे पाहून हसू लागली. “दादा, गिरणीत ज्वारीच्या मागून दळलेलं पीठ आत्या उपासाला खातील? त्यांचं वेगळं जातं आहे आत, सोवळ्याचं. त्याला ज्वारीचा दाणा कधी लागलेला न्हाई. दर उपासाला ताजं दळतात. तू दर मंगळवारी ते थालीपीठ हादडतोस की.”

ते खरे होते. थालीपीठ मी दर मंगळवारी खात होतो आणि पीठ कुठून येते हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सोवळ्याच्या खोलीत बिनआंघोळीचे कोणी जात नसे. मी जाई तो थेट सणासुदीला, आणि तेव्हा ते जाते पाटाखाली झाकलेले असे. उन्हाळाभर वडील आणि मी माळवदावर निजत होतो. आत्यांनी काही लपवले नव्हते. पाट पडला तेव्हा नाम चालले होते असे त्यांनी सांगितले, आणि नाम चालतच होते. हात काय करीत होते हे सांगण्यासारखे त्यांना वाटले नव्हते.

“ते जातं आहे कुठं?” मी विचारले.

“कोपऱ्यात. खांबाला टेकून.”

“कोणत्या खांबाला?”

शामलाने मांडणीच्या डाव्या बाजूच्या खांबावर हात ठेवला.

पावसाने त्या आठवड्यात उघडीप दिली होती. शुक्रवारी पहाटे मी वडिलांना उठवून माळवदावरून खाली आणले. वाटेत ते एवढेच म्हणाले, “अक्कांची थट्टा होता कामा नये.” मी होणार नाही असे सांगितले. शामलाने माजघरात कंदील लावून ठेवला होता. मी मांडणीच्या वरच्या आडव्या दांड्यावर एक पितळेची वाटी काठोकाठ पाणी भरून ठेवली. कंदील अशा बेताने धरला की पाण्यावर पडलेला उजेड आढ्यावर दिसावा. आढ्यावर उजेडाचा एक गोल ठिपका स्थिर उभा राहिला.

फळ्यांपलीकडे आत्यांचे नाम सुरू झाले. मग जात्याची घरघर. ठिपका थरथरला, फुटला आणि आढ्यावर उजेडाची जाळी हलू लागली. वडिलांनी मान वर केली.

“आत्या,” मी म्हणालो, “जरा थांबता का?”

घरघर थांबली. “कोण ते? बाबू? इतक्या लवकर?”

आढ्यावरची जाळी मंदावली आणि पुन्हा ठिपका झाला.

“आता फिरवा.”

“दळण मधे थांबवायला लावू नये रे. भगर खाली बसते.” पण त्यांनी फिरवले. जाळी पुन्हा हलू लागली.

“थांबा.”

“अरे, काय खेळ लावलाय?”

“अक्का,” वडील म्हणाले, “तो म्हणतो तसं करा. मी बघतोय.”

त्यांनी दोनदा थांबवले आणि दोनदा फिरवले. प्रत्येक वेळी ठिपका आणि जाळी यांची अदलाबदल झाली. मग वडिलांनी माझ्या हातून कंदील घेतला आणि रेघांजवळ नेला. मंगळवारी मी ओढलेल्या नव्या रेघांपासून दोन्ही पाट पुन्हा पुढे आले होते. वडिलांनी शामलाच्या पाटावर बोट टेकवले. “फिरवा, अक्का.” जाते फिरू लागले आणि वडिलांनी बोट तसेच ठेवले. थोड्या वेळाने ते म्हणाले, “मुंग्या चालल्यासारखं लागतंय.”

आत्या उंबऱ्यापाशी आल्या. हाताला पीठ होते. सोवळ्यात असल्याने त्या बाहेर आल्या नाहीत. तिथूनच त्यांनी वाटी, रेघा आणि दोन पाट पाहिले. मी सांगू लागलो, पण त्यांनी मला थांबवले.

“कळलं मला. आंधळी न्हाई मी.” त्या शामलाच्या पाटाकडे पाहत होत्या. “हा पोरीचा पाट. हाही सरकला?”

“तितकाच, आत्या.”

“म्हणजे अण्णांना मीच खाली पाडत होते.”

“तुम्ही भगर दळत होतात,” वडील म्हणाले.

आत्यांनी पदराने डोळे पुसले. कपाळाला पीठ लागले. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “सोमवारी जायचं म्हणते ना ही? मग पंगतीला पाट कोण मांडणार? मी एकटी वाकू का आता या वयात?”

त्या पहाटेपर्यंत हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता, आणि आम्हांपैकीही कोणाला तो विचारावासा वाटला नव्हता.

“मी मांडतो,” मी म्हणालो. “पुसतोही.”

“तू? तू पाट मांडण्याआधी त्याचा उतार मोजशील. यजमान उपाशी मरायचे.”

शामला हसली आणि लगेच तिने तोंडावर हात धरला. वडिलांनी कंदिलाची वात खाली केली, कारण आता उजाडले होते. “बाजार उघडला की ट्रंक आणतो,” ते म्हणाले. “शामे, तुला हिरवी पाहिजे की निळी?”

“कुलूप चांगलं असलेली,” शामला म्हणाली.

सोमवारी सकाळच्या गाडीने ती सोलापूरला गेली. वडील पोचवायला गेले. तिचा पाट मी वरच्या खणातून काढून खालच्या ओळीत ठेवला आणि त्या दुपारी पहिल्यांदा पंगतीचे पाट मांडले. आत्यांनी त्यांतले निम्मे हलवून सरळ केले. संध्याकाळी त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्या देखरेखीखाली मी जाते त्याच्या खुंट्याच्या रुंदीएवढे सरकवून खांबापासून वेगळे केले आणि पुन्हा मातीत बसवले. त्यानंतर रेघा पुन्हा ओढल्या. पुढच्या मंगळवारी पाट रेघेवर होते.

कारण असे: मांडणीच्या पट्ट्या पाणी निथळावे म्हणून पुढे उतरत्या होत्या. हा उतार स्थिर पाट घसरायला अपुरा होता, परंतु हादरणाऱ्या पाटाला पुरेसा होता, आणि मी तो स्थिर पाटावर मोजला होता. मांडणी ज्या खांबाला आवळली होती त्याच खांबाला उपासाचे जाते टेकलेले होते आणि ते फक्त मंगळवारी व शुक्रवारी पहाटे फिरत असे. त्या वेळी मांडणीवरचे सर्व पाट थोडे थोडे पुढे सरकत. बसण्यात असलेले पाट रोज काढून पुन्हा मागे ढकलले जात. अण्णांच्या पाटावर कोणी बसत नसे, म्हणून तो कोणी मागे ढकलत नसे, म्हणून तो पडे.